पोथींतला अडलेला शब्द



गेल्या कार्तिक वद्यांत आम्ही आळंदीच्या यात्रेस गेलों होतों. तेथें इंद्रायणीच्या घाटावर एका माळकऱ्यानें आम्हांस गांठलें आणि म्हणाला, "महाराज, दर साल श्रावणांत सात दिवसांचें पारायण करतों. कांहीं अध्याय तर पाठच झालेत. पण मध्येंच एखादा शब्द असा येतो, कीं भातांत खडा लागावा तसें होतें. अशा वेळीं थांबावें, कीं पुढें जावें?"

आम्हीं त्यास म्हटलें, "बाबा, पारायणांत थांबूं नका आणि चिंतनांत पुढें जाऊं नका." अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत पुऱ्या करावयाच्या म्हटल्यावर प्रत्येक खड्याशीं थांबून कसें चालेल? तेथें वाणीची सेवा आहे. परंतु रात्रीं दिवा लावून चारच ओव्या घेऊन बसलों, किंवा उद्यां चार माणसांपुढें त्या ओवीवर बोलावयाचें आहे, तर मात्र अडलेला शब्द तसाच गिळून जाणें बरें नव्हे. त्यांतून गिळणारा कीर्तनकार असेल, तर पोट श्रोत्यांचें दुखतें. हें ज्ञान आम्हांस कोणत्या ग्रंथांतून मिळालें नाहीं, स्वतःच्या चुकीनें मिळालें. ती चूक आधीं सांगून टाकतों, म्हणजे पुढचें बोलणें सोपें होईल.

इ.स. 1988 ची गोष्ट. आमचें वय पंचविशीचें. पाठशाळेंत लघुकौमुदी, अमरकोश, रघुवंशाचे सर्ग असें सगळें घोकून नुकतेच बाहेर पडलों होतों. अमरकोश ज्याच्या जिभेवर आहे त्याला मराठी पोथींतला शब्द काय अडणार, असा ताठा अंगांत होता. एका सप्ताहांत निरूपणाला ज्ञानेश्वरींतली ओवी घेतली. त्या ओवींत 'कीर' असा शब्द आला. आतां अमरसिंहानें कीर आणि शुक हे दोन्ही शब्द एका ठिकाणीं बसविले आहेत. तेव्हां कीर म्हणजे पोपट, ह्याविषयीं आमच्या मनांत शंकाच नव्हती. ओवींत झाड नाहीं, फळ नाहीं, पिंजरा नाहीं. पोपटानें करावयाचें म्हणून एखादें क्रियापद, तेंही नाहीं. पण विद्वानाला असल्या गोष्टी आड येत नाहींत! आम्हीं सांगितलें कीं, पोपट म्हणजे शुक, आणि शुक म्हणजे शुकाचार्य, आणि माउलींनीं येथें भागवताची गुप्त खूण ठेवली आहे. झालें. श्रोत्यांनीं माना डोलावल्या. मृदंगवाल्यानें थाप दिली. दुसऱ्या दिवशीं दोन तरुण कीर्तनकार वही घेऊन बिऱ्हाडीं आले आणि तो अर्थ उतरून घेऊन गेले.

हा पोपट आम्हीं नऊ वर्षें गांवोगांव उडविला.

पुढें 1997 सालीं गोदाकांठच्या एका खेड्यांत सप्ताह होता. कीर्तन संपवून आम्ही पारावर बसलों होतों. एक आजीबाई काठी टेकीत आल्या. गळ्यांत माळ, कपाळीं बुक्का. अक्षराची ओळख नाहीं, पण सत्तर वर्षें पोथी ऐकून ऐकून कानांत बसलेली. पाया पडल्या आणि म्हणाल्या, "म्हाराज, रागवायचं नाही. तुमचा पोपट लई ग्वाड हाय. पर ह्यो शबुद पोथीत लई जागी येतुया. समदीकडं पोपटच धरायचा का?"

आम्ही गप्प. वरवर हसलों, पण त्या रात्रीं झोंप आली नाहीं. पहाटे उठून पोथी सोडली, पेन्सिल घेतली आणि जेथें जेथें कीर दिसला तेथें खालीं रेघ ओढीत गेलों. एका जागीं पोपट घालून पाहिला, ओवी हास्यास्पद झाली. दुसऱ्या जागीं घातला, तीच गत. मग एका ठिकाणीं सहज 'खरोखर' असा शब्द ठेवून पाहिला, आणि ओवी सरळ चालूं लागली. मागच्या सगळ्या रेघांवर जाऊन तोच शब्द ठेवला. कुलूपांत किल्ली फिरावी तसा सगळीकडे फिरला. आणि मग लाज वाटली ती अशी, कीं संस्कृतांत 'किल' म्हणून निश्चय दाखविणारें अव्यय आहे. तें पाठशाळेच्या पहिल्या वर्षीं शिकलों होतों. किलाचें प्राकृतांत 'किर' झालें आणि माउलींच्या मराठींत 'कीर'. पोपटाला माउलींना पोपट म्हणावयाचें होतें तेथें त्यांनीं तसें म्हटलेंच आहे. सहाव्या अध्यायांत नळीवर बसून आपणच आपल्याला बांधून घेणाऱ्या पोपटाचा दृष्टांत आहे. तेथें शब्द 'शुक' आहे.

ह्या प्रसंगापासून आम्हीं एक रीत धरली, ती वाचकांपुढें ठेवतों. शब्द अडला कीं पहिल्याप्रथम कोशाकडे धांवत नाहीं. तो शब्द जेथें उभा आहे तेथेंच त्याला आधीं नीट पाहतों. गर्दींत एखादा अनोळखी मनुष्य दिसला, तर त्याच्याबरोबर कोण आहे, तो काय करतो आहे, कोणत्या दिंडीच्या पताकेखालीं चालतो आहे, हें आपण बघतों कीं नाहीं? तसेंच.

ह्या कामीं ज्ञानोबारायांनीं वाचकावर फार मोठा उपकार करून ठेवला आहे. त्यांना एक गोष्ट एकदां सांगून समाधान होत नाहीं. एक सिद्धांत सांगितला कीं त्यामागें दृष्टांतांची रांग लागते, कधीं तीन, कधीं पांच, कधीं त्याहून जास्त. सगळे दृष्टांत एकाच जागीं बोट दाखवितात. तेव्हां दुसऱ्या दृष्टांतांतला शब्द अडला, तर पहिल्या आणि तिसऱ्याला विचारावें. आमची आजी म्हणायची, "आज दळण नाहीं, कांडण नाहीं, उपणण नाहीं, बसा निवांत." आतां शहरांत वाढलेल्या नातवाला उपणणें ठाऊक नसेल, पण दळण-कांडणाच्या पंगतीला बसलेला शब्द आहे, म्हणजे हें धान्याचेंच कांहीं काम असणार, इतकें त्याला कळतेंच. बाकीचें, वारा कसा धरतात आणि भूस कसें उडतें, तें खळ्यावर गेल्यावर कळेल. अर्धा अर्थ पंगतींत मिळतो.

ह्या दृष्टांतांच्या रांगेंतच एक लहानसा शब्द नव्या वाचकाला पाडतो. तो म्हणजे 'कां'. आज आपण 'कां' म्हटलें कीं प्रश्न विचारतों. पोथींत बहुतेक ठिकाणीं तो प्रश्न नसतो. 'किंवा', 'अथवा' असा त्याचा अर्थ असतो, आणि एका दृष्टांताला दुसरा दृष्टांत त्यानें जोडलेला असतो. हें ध्यानांत न आल्यामुळें एक सद्‌गृहस्थ आम्हांस म्हणाले होते कीं, माउली फार प्रश्न विचारतात, उत्तर मात्र देत नाहींत!

शब्द जोडीनें येतात, तेंही पाहावें. साच आणि लटिकें, निकें आणि वोखटें, थोर आणि सान, जाणीव आणि नेणीव. ह्यांतला एक ओळखीचा असला कीं दुसरा हातीं लागतो. 'निकें' म्हणजे चांगलें, हें ठाऊक असेल तर त्याच्यासमोर उभें केलेलें 'वोखटें' वाईटच असणार. आतां येथेंच एक फसगत आहे. 'वोखद' म्हणून दुसरा शब्द आहे, आणि तो ह्या वोखट्याचा कोणी लागत नाहीं. वोखद म्हणजे औषध. एकाच्या जागीं दुसरा वाचला तर औषधाचें विष होईल. दोन अक्षरें सारखीं दिसलीं म्हणून सोयरीक जुळवूं नये.

पण औषधाचें वोखद झालें कसें? येथें थोडें व्याकरण सांगतों. कंटाळा करूं नये. संस्कृत शब्द प्राकृताच्या वाटेनें मराठींत येतांना मन मानेल तसा बदलत नाहीं. त्याच्या ठरलेल्या वाटा आहेत. पूर्वीं ष चा उच्चार पुष्कळ ठिकाणीं ख सारखा होई, म्हणून औषध ओखद झालें, आणि आरंभींच्या ओ पुढें जुन्या लिहिण्यांत व लागे, म्हणून वोखद. ओवीला वोवी लिहीत, तीच तऱ्हा. दुसरी वाट पाहा. मुष्टीची मूठ झाली, पृष्ठाची पाठ, ओष्ठाचा ओठ, अष्टाचे आठ. हें एकदां कळलें, मग 'दिठी' शब्द पुढें आला तर कोणाला विचारावें लागत नाहीं. मुष्टीची मूठ, तशी दृष्टीची दिठी. गोष्टीची 'गोठी' त्याच वाटेनें आली.

क्ष ची गंमत मात्र न्यारी आहे. त्याला मराठींत दोन घरें आहेत. एका घरीं तो ख होतो: क्षीराची खीर, क्षाराचा खार, लक्षाचे लाख, पितृपक्षाचा पितरपाख. दुसऱ्या घरीं तो स किंवा श होतो: क्षेत्राचें शेत, मक्षिकेची माशी, इक्षूचा ऊस, तक्षणाचें तासणें. म्हणून संतांच्या ग्रंथांत 'खेंव देणें' असें आलें, तर ख च्या जागीं क्ष ठेवून बघावें. क्षेम. पंढरीच्या वाटेवर दोन वारकरी उराउरीं भेटतात, ती क्षेमाची भेट, तेंच खेंव. खेंव म्हणजे आलिंगन. व्युत्पत्ति लागली आणि प्रसंगही डोळ्यांपुढें आला, म्हणजे मग अर्थ पक्का.

मात्र नुसत्या व्युत्पत्तीच्या पाठीं लागणारा मनुष्य हमखास आडरानांत शिरतो. आम्हीच शिरलों होतों. आमच्या पोपटाची व्युत्पत्ति निर्दोष होती! तेव्हां ध्वनीनें सुचविलेला अर्थ हा केवळ उमेदवार समजावा. त्याला ओवींत परत बसवून पाहावें. एका ओवींत बसला तर आणखी दोन-तीन ठिकाणीं बसवून पाहावें. सगळीकडे बसला तरच त्याला माळ घालावी.

आतां क्रियापदांकडे वळतों. सगळ्यांत जास्त माणसें येथें अडतात, आणि उकल सगळ्यांत सोपी येथेंच आहे. जुन्या मराठींत नकार पुष्कळदां क्रियापदाच्या डोक्यावर चढून बसतो. न आणि उरे मिळून 'नुरे', न आणि उमजे मिळून 'नुमजे', न आणि आवडे मिळून 'नावडे', न घे तें 'नेघे', न देई तें 'नेदी', न ऐके तें 'नाइके'. शब्दाच्या तोंडाशीं न, ना, नु, ने दिसला आणि शब्द ओळखीचा वाटेना, तर तेवढें तोंड बाजूला काढून ठेवावें आणि खालीं कोण उरतें तें पाहावें. पुष्कळ वेळां आपलाच घरचा मनुष्य निघतो.

ह्याच कुळांतला 'नेणें' हा शब्द फार जपून वाचावा. आज नेणें म्हणजे घेऊन जाणें. पोथींत 'मी नेणें' असें आलें तर तेथें कोणी कांहीं घेऊन जात नाहीं; 'मी जाणत नाहीं' असा त्याचा अर्थ. संतांच्या तोंडीं हा शब्द फिरून फिरून येतो, कारण नम्रता हा त्यांचा स्वभावच. तो उलटा वाचला तर अभंगाचा जीवच जातो. आणि येथें एक अडचण पाहा. अनोळखी शब्दाशीं मनुष्य थांबतो तरी. ओळखीच्या तोंडवळ्याचा शब्द आला कीं तो राम राम करून पुढें जातो, चौकशी करीत नाहीं. 'सांडणें' म्हणजे आज दूध सांडतें तें. पोथींत सांडणें म्हणजे टाकणें, त्याग करणें, बुद्धिपुरस्सर सोडून देणें. 'मात' म्हणजे आज विजय. पोथींत मात म्हणजे गोष्ट, वार्ता. 'लागीं' म्हणजे साठीं. 'परी' म्हणजे कधीं पण, तर कधीं प्रकार. कोणता, तें शेजारच्या शब्दाला विचारल्यावांचून कळत नाहीं. आमचें मत असें आहे, कीं ज्ञानेश्वरींतले अवघड शब्द वाचकाला फारसे फसवीत नाहींत. फसवितात ते हे सोपे.

'इजे' हा प्रत्यय सांगावयाचा राहिलाच. कीजे, बोलिजे, घेइजे, म्हणिजे, अशीं रूपें पदोपदीं येतात. कीजे म्हणजे केलें जातें किंवा करावें. बोलिजे म्हणजे बोललें जातें किंवा बोलावें. कोणी म्हणेल, ही भाषा तर मेली. मेली नाहीं. दिवसांतून शंभर वेळां आपण 'म्हणजे' म्हणतों, तें कोण? तेंच म्हणिजे, 'म्हटलें जातें'. आणि घरांत पोरगें 'मला लाडू पाहिजे' म्हणून हटून बसतें, तें पाहिजे कोण? 'पाहिलें जातें', वाट पाहिली जाते. सातशें वर्षांपूर्वींचा प्रत्यय त्या पोराच्या तोंडांत लाडवासह आहे. हें प्रथम ध्यानांत आलें त्या दिवशीं आम्हांस इतका आनंद झाला, कीं संध्येची वेळ टळली.

आतां संस्कृत जेथें अपुरें पडतें ती जागा. 'विरूढणें' म्हणून क्रियापद आहे. संस्कृतज्ञाला त्यांत कांहींच अवघड नाहीं. रुह् धातु, वि उपसर्ग, उगवणें, वाढणें. आम्ही एकदां घरीं मोठ्यानें अर्थ लावीत बसलों होतों. आमच्या घरांतून आवाज आला, "अहो, तें आपलें बिरडें." वाल भिजत घालतात, फडक्यांत बांधून ठेवतात, रात्रींतून त्यांस मोड येतात, मग सोलून त्याचें बिरडें करतात. विरूढाचेंच बिरडें झालें आहे. आमच्या संस्कृतानें अर्थ दिला होता 'वाढणें', आणि आमच्या डोळ्यांपुढें एक मोठें झाड उभें होतें. चुलीपाशीं जो अर्थ मिळाला त्यांत बी आंतून फुगून फुटतें आणि पांढरा कोंब बाहेर डोकावतो. मनांत दबलेली वासना विरूढते असें म्हणावयाचें असेल, तर झाडाचें चित्र काय कामाचें? तेथें तो फडक्यांतला वालच पाहिजे.

तसाच 'पव्हा'. जुन्या ग्रंथांत हा शब्द भेटला कीं लोक बुचकळ्यांत पडतात. संस्कृतांत प्रपा म्हणजे वाटसरूंना पाणी पाजण्याची जागा. तिचाच पव्हा, आणि आपल्या पाणपोईंतली 'पोई' ती हीच. वारीच्या वाटेवर ज्यानें पाणपोईचें पाणी प्यायलें, त्यानें हा शब्द कोशांत काय म्हणून शोधावा? म्हणून आम्ही तरुण कीर्तनकारांना सांगतों, शब्द अडला कीं म्हाताऱ्या माणसांना विचारा, शेतकऱ्याला विचारा, विणकराला, कुंभाराला विचारा. माउलींचे दृष्टांत त्यांच्याच कामांतले आहेत.

फारसी-अरबी शब्दांची वाट आणखी निराळी. तुकोबारायांच्या गाथेंत 'मिरास', 'मिरासी' येतें. एका शास्त्र्यानें आमच्यादेखत त्यासाठीं संस्कृत धातु शोधण्याची खटपट केली होती. अर्थात् धातु सांपडला नाहीं, कारण शब्द मूळचा अरबी. परंतु मूळ अरबी आहे एवढें कळूनही अभंग उलगडत नाहीं. त्यासाठीं त्या काळचें गांव माहीत पाहिजे. गांवांत दोन तऱ्हेचे कुणबी असत. ज्याची जमीन वंशपरंपरेची, जी त्याच्याकडून सहसा काढून घेतां येत नसे, तो मिरासदार. आणि बाहेरून येऊन दुसऱ्याची जमीन कसणारा, आज आहे उद्यां नाहीं, तो उपरी. आतां पंढरी ही आपली मिरास आहे, असें एखादा संत म्हणतो, तेव्हां त्या एका शब्दांत किती हक्क आणि किती जिव्हाळा भरला आहे पाहा. आम्ही तेथें उपरे नाहीं, वाडवडिलांपासून तेथले आहोंत, आम्हांस कोणी उठवूं शकत नाहीं. नाथमहाराजांनींही त्या काळच्या कचेरींतली 'अर्जदास्त' उचलून परमार्थाला लावली. तेथेंही कचेरींत अर्ज कसा लिहीत, कोणाला लिहीत, हें ठाऊक असल्याशिवाय त्यांतला विनोद कळत नाहीं.

एवढें सगळें झाल्यावर कोश उघडावा. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश 1831 सालीं निघाला आणि 1857 सालीं त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ति निघाली. परक्यानें केलेला असला तरी खेड्यांतल्या बोलीचे शब्द त्यांत भरपूर आहेत. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 पासून 1938 पर्यंत सात विभागांत प्रसिद्ध झाला. जुन्या मराठीपुरताच पाहावयाचा तर शं. गो. तुळपुळे आणि ऍन फेल्डहाउस यांचा 1999 सालचा कोश आहे. हल्लीं पोरें मोबाईलवर कोश पाहतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. सात विभागांचें ओझें पाठीवर घेऊन वारी कोण करणार? पण कोशांत एका शब्दापुढें पांच अर्थ दिलेले असतात, आणि त्यांपैकीं तुमच्या ओवीचा कोणता, हें कोश सांगत नाहीं. तें ओवीलाच विचारावें लागतें. म्हणून आधीं ओवी, मग कोश. ज्यानें ओवी पाहिली नाहीं तो पहिलाच अर्थ उचलतो. आमच्यापाशीं तर अमरकोश पाठ होता, तरी काय झालें तें वर सांगितलेंच आहे.

आणखी एक सांवधगिरी. कधीं कधीं शब्द अडतो तो शब्दाच्या दोषानें नाहीं, लेखकूच्या हातानें. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्यें, म्हणजे इ.स. 1290 सालीं सिद्ध झाली. नकलांमागून नकला होत गेल्या आणि पाठ बिघडले, म्हणून नाथमहाराजांनीं शके 1506 मध्यें, म्हणजे इ.स. 1584 सालीं ती शुद्ध केली. पुढें 1909 सालीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं आपल्याला मिळालेली जुनी प्रत छापली, तींत पाठ निराळे आहेत. शिवाय जुन्या पोथ्यांत शब्द तोडून लिहीत नसत. सगळीं अक्षरें एका ओळींत सलग. समजा, पोथींत 'तेनेणती' असें सलग लिहिलें आहे. 'ते नेणती' असें तोडलें तर 'ते जाणत नाहींत' असा सरळ अर्थ निघतो. दुसरीकडे तोडलें तर जन्मांत कोणत्याच कोशांत न सांपडणारा शब्द हातीं राहतो. तेव्हां शब्द कांहीं केल्या उलगडेना, तर तो निराळ्या जागीं तोडून पाहावा आणि दुसऱ्या एखाद्या प्रतींत काय आहे तेंही बघावें. आपल्या फडाची प्रत आपल्याला प्रमाण, हें आम्ही मानतों. पण दुसरी प्रत बघितल्यानें कांहीं प्रमाण बाटत नाहीं.

आमच्या पोपटाचें पुढें काय झालें, तें सांगतों. 1998 च्या सप्ताहांत, जेथें पहिल्यानें तो अर्थ सांगितला त्याच गांवीं, त्याच गादीवर उभे राहून आम्हीं सांगितलें कीं, दहा वर्षांपूर्वीं आम्हीं तुम्हांस चुकीचा अर्थ सांगितला, कीर म्हणजे खरोखर. व्यवस्थेंतल्या एका गृहस्थांना तें आवडलें नाहीं. "महाराजांनीं असें उघड बोललें तर लोकांची श्रद्धा कशी राहील?" असें ते जेवतांना म्हणाले. एक म्हातारा मात्र हसत म्हणाला, "खरं असंल तर ऱ्हाऊ द्या. पर पोपट ब्येस व्हता."

त्याचें तें 'ब्येस' पुढें आम्हांस फार जड गेलें. तोंडांतून गेलेला शब्द परत घेणें आपल्या हातीं नसतें. दोन वर्षांपूर्वींच्या आषाढी वारींत, माउलींची पालखी फलटणच्या मुक्कामीं असतांना, रात्रीं एका दिंडीच्या तंबूंत कीर्तन ऐकावयास बसलों. विसाएक वर्षांचा मुलगा उभा होता. गळा गोड, पाठांतर चोख. त्यानें ओवी घेतली, आणि कीर म्हणजे पोपट, पोपट म्हणजे शुकाचार्य, शब्दाला शब्द आमचाच अर्थ त्यानें सांगितला. 'गुप्त खूण' सुद्धां तशीच. श्रोत्यांनीं माना डोलावल्या.

कीर्तन झाल्यावर त्याला बाजूला घेतलें. "बाळा, हा अर्थ कोणाकडून घेतलास?" म्हणाला, "माझ्या गुरुजींकडून." "आणि गुरुजींनीं?" "त्यांनीं तरुणपणीं कोणा मोठ्या महाराजांच्या बिऱ्हाडीं जाऊन वहींत उतरून घेतला होता." मोठे महाराज कोण, तें त्याला सांगितलें तेव्हां तो पायांवर डोकें ठेवूं लागला. म्हटलें, "पाया नंतर पड. आधीं पोथी काढ." कंदिलाशीं बसून त्याच्याकडून कीर शोधविले. तिसऱ्या जागीं पोपट बसवितांना त्यालाच हंसूं फुटलें. पांचव्या जागीं 'खरोखर' हा शब्द त्यानें आपणच उच्चारला. आम्हीं सांगितला नव्हता.

मग एकदम गंभीर झाला आणि म्हणाला, "पण महाराज, हें गुरुजींना मी कसें सांगूं?"

"तूं कशाला सांगतोस? चूक आमची आहे. आम्ही येतों."

दुसऱ्या दिवशीं बरडच्या मुक्कामीं आम्ही त्याच्याबरोबर गुरुजींच्या राहुटींत गेलों. गुरुजी आमच्याहून दोनच वर्षांनीं लहान, केस आमच्याहून पांढरे. ओळख पटली, क्षेम झालें, चहा आला. आम्हीं सगळी हकीकत सांगितली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं पोथी पुढें ओढली, चष्मा लावला, आणि त्या मुलाकडे हात करून म्हणाले, "पेन्सिल दे रे इकडे."